गायधनी वहिनींचं सैन्य

दोह्यात, अल नस्रमधल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली की बाकीचे लोक मेंटेनन्सला फोन लावत. गायधनी वहिनी जिन्यात दम खात उभ्या राहत आणि म्हणत, "सगळ्यांना दोन वर्षं मिलिटरीत घाला. लिफ्ट आपोआप चालेल."

लिफ्टला हा उपाय कसा लागू पडणार, हे त्यांना कोणी विचारलं नाही. विचारणाऱ्यालाही दोन वर्षं झाली असती. वहिनींकडे औषध एकच होतं आणि ते सगळ्या रोगांवर चालत असे. मुलं मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतात, मिलिटरी. दारासमोर चपला वेड्यावाकड्या पडतात, मिलिटरी. पाचव्या मजल्यावरचं जोडपं वेगळं होणार अशी बातमी आली तेव्हा त्या फक्त "दोघांनाही" एवढंच म्हणाल्या, आणि आम्हाला समजायचं ते समजलं. कतारी मुलांना राष्ट्रीय सेवा सक्तीची आहे हे त्यांना इथे आल्यावर कळलं होतं. तेव्हापासून इथला उन्हाळासुद्धा त्या तक्रार न करता सोसत.

हा अधिकार त्यांना माहेराकडून मिळाला होता. "आमचं घर मिलिटरीतलं," असं त्या सांगत. वडील नाशिकजवळ देवळाली कँपात कँटीनच्या काउंटरवर होते. जवानांना साबण आणि बिस्किटं विकत. म्हणजे वहिनी खोटं बोलत नव्हत्या. घरातला साबण खरोखरच मिलिटरीतला होता.

गायधनी स्वतः गॅस प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. कुठे किती दाब आहे हे दाखवणारी यंत्रं सांभाळायची, दाब वाढला की शांतपणे नोंद घ्यायची, हे त्यांचं काम. घरी आल्यावरही त्यांनी तेच चालू ठेवलं होतं. एकुलता एक निनाद कॅनडात शिकून तिथेच नोकरीला लागला होता. तो कुठल्या पलटणीत आहे, असं विचारायची आमच्यापैकी कोणाची छाती नव्हती.

वहिनी नुसतं बोलून थांबत नसत. त्यांच्या घरच्या गणपतीला बिल्डिंगमधल्या प्रत्येक मराठी माणसाची भरती होत असे. इच्छा विचारण्याची पद्धत नव्हती. माझ्या बायकोकडे, शुभदाकडे, नारळ खवणं आलं, माझ्याकडे पाहुण्यांच्या गाड्या लावणं. लातूरच्या शिंदे नावाच्या एका ब्रह्मचारी मुलाला सकाळची आरती लागली. त्याची साइटवर सकाळची शिफ्ट होती. तो दोन दिवस आला आणि महिनाअखेरीला सामान उचलून अल अझीझियाला राहायला गेला. तिकडे भाडं कमी आहे, असं तो सांगतो. भाडं जास्त आहे.

त्या वर्षी, म्हणजे इथे फुटबॉलचा विश्वचषक झाला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, भारतात सैन्यभरती फक्त चार वर्षांची केली म्हणून तरुण पोरांनी रेल्वेचे डबे पेटवले होते. वहिनी टीव्हीसमोर भारावून बसल्या होत्या.

"बघा भाऊजी, भरती व्हायला मिळावं म्हणून पोरं गाड्या जाळतायत. याला म्हणतात देशप्रेम."

"पेन्शनसाठी जाळतायत," गायधनी पेपरामागून म्हणाले. दाबाची नोंद झाली. पेपराचं पान उलटलं.

आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांना पोहायला शिकवणारी झरेमा नावाची एक मुलगी होती. रशियाच्या दक्षिणेला, डोंगराळ दागेस्तानातली. वहिनींची ती फार लाडकी, कारण ती मुलांना एका ओळीत उभं करून शिट्टी वाजवत असे. सप्टेंबर संपत आला असताना एका दुपारी ती आमच्याकडे आली आणि शुभदाजवळ रडायला लागली. युक्रेनच्या लढाईसाठी रशियाने राखीव माणसं बोलवायला सुरुवात केली होती. तिचा भाऊ मुराद घरातून निघून, कोणाकडून तरी विकत घेतलेल्या सायकलवर जॉर्जियाची हद्द ओलांडून आला होता, कारण गाड्यांची रांग डोंगरभर पसरली होती आणि चालत जायला परवानगी नव्हती. तिथून विमानाने दोह्याला आला. आता तो खाली नातूरच्या, म्हणजे आपल्या वॉचमनच्या, खुर्चीवर बसला होता. झरेमा राहायची ते तिच्या पोहण्याच्या क्लबचं बायकांचं वसतिगृह. तिथे भावालाही प्रवेश नाही. आणि आमच्याकडे तर माझे सासू-सासरे आलेले.

रिकामी खोली बिल्डिंगमध्ये एकाच घरात होती. निनादची.

आम्ही वर गेलो. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी झरेमाला विचारलं, "देशाने बोलावलं आणि हा पळाला?"

झरेमाने मान हलवली.

"तर मग माझ्या घरात त्याला जागा नाही," वहिनी म्हणाल्या. "जेवलाय का?"

तो कालपासून जेवला नव्हता. असे आणीबाणीचे प्रश्न तत्त्वाच्या आड येतात. मुराद वर आला. चोवीस-पंचविशीचा, रुंद खांद्यांचा, लाजाळू मुलगा. दारात बूट काढून त्याने ते भिंतीला समांतर ठेवले. वहिनींनी बुटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि वरण-भात वाढला. "दोन दिवस," त्या आम्हाला बजावून म्हणाल्या. "पळपुट्याला मी याहून जास्त ठेवायची नाही." दोन दिवस संपल्याचं पुढे त्यांच्या घरात कोणाच्या लक्षात आलं नाही.

रोज सकाळी पोह्यांबरोबर वहिनी त्याला कर्तव्यावर प्रवचन देत. त्यांच्या इंग्रजीत आणि त्याच्या इंग्रजीत फार थोडे शब्द समान होते, त्यामुळे प्रवचन लांबत असे. तो सगळं ऐकायचा, पोहे पुन्हा घ्यायचा आणि म्हणायचा, "येस, मादाम कर्नल." हे नाव त्याने मनापासून ठेवलं होतं. थट्टा कशी करतात हे त्याला कळत असावं, असं मला अजूनही वाटत नाही. बिल्डिंगमध्ये मात्र ते नाव आम्ही थट्टेसाठीच उचललं.

एकदा मी तिथे असताना त्या म्हणाल्या, "एक वर्ष तरी मिलिटरीत काढून बघ. माणूस होशील."

"काढलं ना," मुराद म्हणाला. "आमच्याकडे सगळ्यांना काढावं लागतं. म्हणूनच तर परत बोलावतायत."

एवढी वर्षं मिलिटरीबद्दल बोलूनही सक्तीने भरती झालेला खराखुरा माणूस वहिनींनी जवळून पाहिला नव्हता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मग? काय शिकवलं?"

"एका मेजरच्या सासऱ्याचं घर बांधत होतो. न्हाणीघराच्या टाइल्स मी लावल्या."

"आणि बंदूक?"

"बंदूक दाखवली होती."

"शिस्त?"

मुरादने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "जुने सैनिक नव्यांना रात्री मारायचे," तो म्हणाला. "ते मात्र वेळेवर व्हायचं."

वहिनी संतापल्या. "तुमच्याकडची मिलिटरी बिघडलीय. तिला आधी दोन वर्षं..." आणि तिथेच अडकल्या.

"कुठे घालणार?" गायधनींनी विचारलं.

त्या दिवशी प्रवचन लवकर आटपलं.

मग दागेस्तानातल्या रस्त्यांवर बायका उतरल्या. पोरांना नेऊ देणार नाही म्हणून त्यांनी रस्ते अडवले, पोलिसांना घेराव घातला. झरेमाच्या फोनवर तिकडचे व्हिडिओ येत होते. एक तिने आम्हाला दाखवला. हिरवा रुमाल बांधलेली एक जाडजूड बाई एका उंच पोलिसाच्या छातीपर्यंत येत होती आणि त्याच्या तोंडासमोर बोट नाचवत होती. बाजूच्या बायका ओरडत होत्या, ही मात्र सावकाश, हिशोब समजावल्यासारखी बोलत होती.

"ही आमची आई," झरेमा म्हणाली. "पातिमात."

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, आधी तुझा मुलगा पाठव. तो गेल्याचं मला दाखव. मग माझा माग."

वहिनींनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. शेवटी पातिमातने हात वर करून पोलिसाच्या टोपीला टपली मारली होती. टोपी खाली पडली आणि व्हिडिओ संपला.

"सरकारी माणसावर हात टाकणं चूकच," वहिनी म्हणाल्या. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "टोपी वाकडीच होती म्हणा त्याची."

पुढच्या शुक्रवारी दुपारी झरेमा धावत आमच्याकडे आली. आईला पोलिसांनी व्हॅनमध्ये घालून नेलं होतं. शेजारणीचा फोन आला होता. ठाण्यातल्या कोणीतरी सांगितलं होतं की मुलगा भरतीच्या कचेरीत हजर झाला तर आईला सोडतील. मुरादने ते ऐकलं होतं आणि आता तो बॅग भरत होता. "तुम्ही चला," झरेमा म्हणाली. "तो माझं ऐकत नाहीये."

शुभदा आणि मी वर गेलो. निनादच्या खोलीत मुराद कपडे घडी घालून बॅगेत ठेवत होता. घाबरलेल्या माणसासारखा नाही, कामाला निघालेल्या माणसासारखा. वहिनी दारात उभ्या होत्या.

"तू जाणार नाहीस," त्या म्हणाल्या.

"आईला आत ठेवलंय."

"सोडतील. म्हाताऱ्या बाईला किती दिवस ठेवणार? तू गेलास तर तिला सोडतील आणि तुला नेतील. मग तिने टोपी कशासाठी पाडली?"

"मादाम कर्नल," मुराद म्हणाला, आणि त्या मुलाच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच फार वाईट होतं. "तुम्हीच रोज सांगता. बोलावलं की जायचं."

वहिनींचंच प्रवचन त्यांच्यावर उलटलं होतं, आणि कबूल करायला हरकत नाही, की खोलीत एवढं सगळं चाललेलं असताना मला थोडी गंमतही वाटली. ती फार टिकली नाही.

गायधनी आत आले. मराठीत, हवापाण्याबद्दल बोलावं तसं, आमच्याकडे बघून म्हणाले, "निनाद एनडीएची लेखी परीक्षा पास झाला होता. मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. त्याला फार जायचं होतं. हिने जेवण सोडलं. तो गेला नाही."

मग त्यांनी तेच मुरादला इंग्रजीत सांगितलं. काही वगळलं नाही, काही जोडलं नाही.

वहिनींनी नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी पुन्हा बघू इच्छित नाही. त्या पुढे झाल्या, मुरादची बॅग पलंगावरून खाली ओढली आणि तिच्यावर बसल्या. वहिनींचं वजन बेताचं नव्हतं. आतल्या घडीच्या कपड्यांचं काय झालं असेल ते झालं.

"हो, सोडलं जेवण," त्या मराठीतच म्हणाल्या. "परत सोडीन. शुभदा, सांग याला. आजपासून स्वयंपाक बंद."

शुभदाने सांगितलं. मुराद गोंधळून बहिणीकडे बघू लागला. कोणत्याही देशाच्या भरतीच्या कायद्यात याला काय म्हणतात, ते त्याला ठाऊक नसावं. तो जमिनीवर, त्यांच्यासमोर बसला आणि गुडघ्यांवर डोकं ठेवून रडला. वहिनी बॅगेवरून उठल्या नाहीत. हात लांब करून त्याच्या पाठीवर ठेवला, तो फार वेळ तिथेच राहिला.

स्वयंपाक खरंच बंद झाला. गायधनी बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, ब्रेड आणून खात होते आणि त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हते. मुराद गेला नाही. तो खायलाही तयार नव्हता. घरात दोन माणसं उपाशी आणि एक अपराधी चेहऱ्याने ब्रेड चावणारं, असं चाललं होतं. तेवढ्यात पातिमातला सोडलं. कसं, कोणी, ते कळलं नाही. पुष्कळ बायका होत्या, ठेवायला जागा नसेल. घरी पोचल्या पोचल्या तिने मुलाला फोन केला. झरेमाने आम्हाला अर्थ सांगितला, "म्हणतेय, परत आलास तर घरात घेणार नाही."

वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "बाई शिस्तीची आहे," त्या म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

दिवाळीच्या फराळाला मोकाशी आले होते. पर्ल नावाच्या महागड्या बेटावर समुद्रासमोर राहणारे, कसलेसे कन्सल्टंट. सक्तीच्या भरतीच्या बाबतीत ते वहिनींचे जुने भक्त. त्यांचा मुलगा मेलबर्नला होता. कोपऱ्यात चकली खाणारा गोरा मुलगा कोण, हे कळल्यावर मोकाशी खुलले.

"म्हणजे डिझर्टर," ते म्हणाले. "वहिनी, तुमच्या घरात? अशांमुळेच देश बुडतात. तुम्हीच म्हणता ना, दोन वर्षं..."

"मोकाशी, तुमचा रोहन कुठे असतो?"

"मेलबर्नला. का?"

"त्याला बोलवून घ्या. तो नाशिकला भरती झाला, त्याचा गणवेशातला फोटो तुम्ही मला दाखवलात, की मी याला आत्ताच्या आत्ता विमानात बसवते. तोपर्यंत करंज्या घ्या."

मोकाशींना वाटलं विनोद आहे. ते हसले. हसणारे ते एकटेच आहेत हे लक्षात आल्यावर त्यांनी करंजी घेतली. मुरादला यातलं काही कळलं नव्हतं. त्याने उठून अदबीने त्यांच्या ताटलीत आणखी एक करंजी ठेवली.

विश्वचषक तोंडावर आला होता आणि शहराला पाहुण्यांसाठी जागा हवी होती. मुरादला इथे काम मिळालं नाही, व्हिसा संपत आला. कझाकस्तानात त्याच्या चुलतभावाचं गॅरेज होतं, तिकडे जायचं ठरलं. निघताना वहिनींनी त्याला शंकरपाळ्यांचा डबा दिला, स्वेटर दिला, तो निनादचा होता, आणि दारात शेवटचं प्रवचन दिलं, की माणसाने आयुष्यात एकदा तरी देशासाठी दोन वर्षं द्यायलाच हवीत. मुराद "येस, मादाम कर्नल" म्हणाला आणि त्यांच्या पाया पडला. हे त्याला कोणी शिकवलं, माहीत नाही. लिफ्ट बंद होती. तो जिन्याने गेला.

आता कोणाला वाटेल की वहिनींचं मत बदललं असेल. तसं काही झालं नाही. पुढची सगळी वर्षं त्या सक्तीच्या भरतीचा तेवढ्याच ठामपणे पुरस्कार करत राहिल्या. अपवाद मात्र होत गेले. मुराद सोडून. निनादचा प्रश्न नाही, त्याची पाठ दुखते. नातूरचा मुलगा नको, एकटाच कमावता आहे. औषधाच्या दुकानातला केरळी पोरगा नको, फार बारीक आहे. आमची मुलगी कॉलेजला गेली तेव्हा तिचंही नाव वगळण्यात आलं. एवढंच काय, अझीझियाला पळून गेलेल्या शिंदेलाही माफी मिळाली, कारण त्याचं लग्न झालं होतं. गायधनी एकदा मला म्हणाले, "आता सैन्यात फक्त मोकाशी उरलेत." वहिनींनी ऐकलं, पण खोडून काढलं नाही.

युद्ध चालूच राहिलं. आम्हाला त्याची सवय झाली, जशी ती लांब राहणाऱ्यांना होते. झरेमाने लग्न केलं आणि ती तुर्कस्तानला गेली. पातिमातशी वहिनींचं बोलणं मात्र सुरू राहिलं. शुक्रवारी दुपारी व्हिडिओ कॉल. एकीला मराठी, दुसरीला तिची डोंगरातली भाषा, मधे दुभाषी कोणी नाही. त्या एकमेकींना भाज्या दाखवत.

यंदा गायधनी निवृत्त झाले. नोकरी संपली की इथला मुक्काम संपतो. खलास. सामान नाशिकला निघालं त्या दिवशी मी निरोप घ्यायला वर गेलो. दार उघडंच होतं. घर रिकामं. गायधनी खाली हमालांबरोबर होते. वहिनी हॉलच्या खिडकीशी, जिथे रेंज चांगली मिळते तिथे, फोन समोर धरून उभ्या होत्या. मी दारातच थांबलो.

फोनवर पातिमात होती. हिरवा रुमाल नव्हता, केस पांढरे झाले होते. ती भराभर बोलत होती आणि त्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता, रसूल. रसूल म्हणजे मुरादचा धाकटा भाऊ. तो अठरा वर्षांचा झाला होता, आणि तिकडे अठरा झाले म्हणजे काय, ते आता वहिनींना कोणी समजावून सांगायला नको होतं.

"अहो, रडू नका," वहिनी मराठीत सांगत होत्या. "आधी बसा. ऐका माझं. त्याला नाशिकला पाठवून द्या. आमच्याकडे वरची खोली मोकळी आहे. बाथरूम वेगळं आहे. तिथे कोणी विचारायला येत नाही. पाठवा त्याला. कळलं का?"

पातिमातने डोळे पुसले आणि मान हलवली. तिला काय कळलं असेल ते तिलाच ठाऊक. तिने बाजूला हाक मारली, तसा एक हडकुळा पोरगा तिच्या शेजारी येऊन बसला. ओठांवर नुसती लव. तो पोक काढून बसला होता आणि कुठे बघावं हे त्याला समजत नव्हतं.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"पाठ सरळ कर रे बाळा," त्या म्हणाल्या.

त्या पोराने पाठ सरळ केली. त्याची आई हसली. फोन बराच वेळ तसाच चालू राहिला. मी जिन्याने खाली आलो.